शरीरात यंत्र बसवताना: बायोमेडिकल इंजिनिअरिंगमधल्या नव्या संशोधनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायोमेडिकल इंजिनिअरिंग म्हणजे हॉस्पिटलमधली मशिनं दुरुस्त करणं का?

तेही त्यात येतं, आणि ते काम कमी लेखू नका. व्हेंटिलेटरचं कॅलिब्रेशन चुकलं तर त्यामागचं सगळं संशोधन वाया जातं. पण या शाखेचा पसारा त्याहून बराच मोठा आहे. पेसमेकर, कृत्रिम सांधे, एमआरआय, कानातलं इम्प्लांट, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, प्रयोगशाळेत वाढवलेली रक्तवाहिनी हे सगळं या एकाच घरातलं. इंजिनिअर, डॉक्टर, रसायनशास्त्रज्ञ आणि प्रोग्रामर यांना इथे एकमेकांची भाषा शिकावी लागते. ती नीट शिकली नाही की सुबक पण निरुपयोगी यंत्रं तयार होतात. तशी यंत्रं पुष्कळ आहेत.

रोज नवा शोध वाचायला मिळतो. मग तो रुग्णापर्यंत पोचायला दहा-पंधरा वर्षं का लागतात?

कारण यंत्राला राहायला शरीरासारखं वाईट घर दुसरं नाही. आत खारट, उबदार द्रव असतो. त्यात धातू गंजतात, प्लास्टिक फुगतं आणि तारेच्या आवरणाला भेगा पडतात. हृदय दिवसाला साधारण एक लाख वेळा आकुंचन पावतं. त्यात बसवलेली तार वर्षाला साडेतीन कोटींहून अधिक वेळा वाकते. असा ताण सोसणारी वस्तू बाहेरच्या जगात शोधून पाहा.

शिवाय शरीर पाहुण्याला ओळखतं. बाहेरची वस्तू आत गेली की काही मिनिटांत तिच्यावर प्रथिनांचा थर बसतो. मग भक्षक पेशी येतात आणि तिला गिळायला पाहतात. वस्तू मोठी असली तर त्या पेशी एकमेकींत मिसळून महापेशी बनतात. तेही जमलं नाही की काही आठवड्यांत वस्तूभोवती कोलॅजनचं कवच उभं राहतं. शरीराच्या दृष्टीने प्रश्न सुटला, पण आतल्या सेन्सरचा जगाशी संबंध तुटला. त्वचेखाली सुई ठेवून साखर मोजणारे बहुतेक सेन्सर दहा-पंधरा दिवसांनी बदलावे लागतात, त्याचं एक मोठं कारण हेच.

याला काही सुखद अपवादही आहेत. स्वीडनचे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क १९५२ मध्ये सशाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. त्यासाठी हाडात बसवलेली टायटॅनियमची नळी प्रयोगानंतर काढायला गेले, तर ती निघेना. हाड तिच्याशी एकजीव झालं होतं. आजचं दाताचं इम्प्लांट त्याच अडकलेल्या नळीचं वंशज आहे.

म्हणून एखादं उपकरण प्रयोगशाळेत चाललं म्हणजे काम जेमतेम सुरू झालं असं समजा. त्यानंतर उंदीर, मग मोठे प्राणी, मग मूठभर रुग्ण, मग मोठी चाचणी, आणि मंजुरीनंतरही वर्षानुवर्षं देखरेख. यातला प्रत्येक टप्पा बऱ्याच उपकरणांना गाळून टाकतो. ते योग्यच आहे.

पेसमेकर तर जुनाच आहे. त्यात नवीन करण्यासारखं काय उरलंय?

खूप काही. शरीरात संपूर्ण बसवलेला पहिला पेसमेकर ऑक्टोबर १९५८ मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात आर्ने लार्सन यांना बसवला गेला. यंत्र रूने एल्मक्विस्ट यांचं, शस्त्रक्रिया ओके सेनिंग यांची. ते बूटपॉलिशच्या डबीचा साचा करून रेझिनमध्ये ओतलेलं होतं आणि काही तासांतच बंद पडलं. लार्सन यांना पुढे आयुष्यभरात वीसहून अधिक पेसमेकर बसवावे लागले. ते २००१ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी वारले. तोवर त्यांचा इंजिनिअर आणि त्यांचा सर्जन, दोघेही गेलेले होते.

त्यानंतरची मोठी सुधारणा बॅटरीत झाली. १९७० च्या दशकात लिथियम-आयोडाइडची बॅटरी आली आणि पेसमेकर वर्षानुवर्षं टिकू लागला. तारेची कटकट मात्र तशीच राहिली. पेसमेकरमध्ये तार हाच सगळ्यात कच्चा दुवा. ती तुटते, सरकते, तिच्यावाटे संसर्ग होतो. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एफडीए या नियामक संस्थेने पहिल्या बिनतारेच्या पेसमेकरला मंजुरी दिली. तो साधारण दोन ग्रॅमचा, औषधाच्या मोठ्या कॅप्सूलएवढा. मांडीतल्या शिरेतून नळीने नेऊन तो थेट हृदयाच्या आत अडकवतात. २०२३ मध्ये दोन कप्प्यांत बसणारी, एकमेकांशी बोलणारी बिनतारी जोडीही मंजूर झाली.

तिसरी वाट तर आणखी वेगळी आहे. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर अनेकांना पेसमेकर काही दिवसांपुरताच लागतो. तेव्हा तारा छातीतून बाहेर काढलेल्या असतात आणि काम झालं की त्या ओढून काढतात. त्यात क्वचित रक्तस्राव होतो. चंद्रावर पहिलं पाऊल ठेवणारे नील आर्मस्ट्राँग २०१२ मध्ये गेले, तेही अशाच तारा काढल्यानंतरच्या रक्तस्रावानंतर. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात जॉन रॉजर्स आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये काम संपल्यावर शरीरात विरघळून जाणारा पेसमेकर दाखवला. २०२५ मध्ये त्याची पुढची आवृत्ती आली. ती ३.५ मिलिमीटर लांब, १.८ रुंद आणि १ मिलिमीटर जाड आहे, इंजेक्शनच्या सुईच्या टोकात मावणारी. तिला वेगळी बॅटरी नाही. दोन धातूंचे तुकडे शरीरातल्या द्रवात बुडाले की आपोआप विद्युतघट तयार होतो. छातीवर चिकटवलेली पट्टी ठोका चुकलेला ओळखते आणि प्रकाशाचा झोत टाकते. तो त्वचेतून, हाडांतून आत पोचतो आणि पेसमेकर चालू होतो. हे सगळं प्राण्यांवर आणि मृत्यूनंतर दान केलेल्या मानवी हृदयांवर तपासलं आहे. तुमच्या कार्डिऑलॉजिस्टकडे ते मागू नका, अजून मिळणार नाही.

पेसमेकर असताना मोबाइल वापरता येतो का? एमआरआय चालतो का?

मोबाइल चालतो. फक्त शर्टाच्या खिशात, पेसमेकरच्या अगदी वर ठेवू नका. साधारण १५ सेंटिमीटर अंतर असू द्या. एमआरआयचं उत्तर मॉडेलवर अवलंबून आहे. आता ठरावीक अटींवर एमआरआय चालेल असे पेसमेकर मिळतात, पण त्यातही तार कोणती आहे हे पाहावं लागतं. तपासणीआधी पेसमेकरचं कार्ड दाखवा. अंदाजावर कोणी मशिनमध्ये पाठवत असेल तर जाऊ नका.

मेंदूत चिप बसवली की ती विचार वाचते का?

नाही, निदान लोकांना वाटतं त्या अर्थाने नाही.

हात हलवायचा ठरवला की मेंदूच्या एका ठरावीक पट्ट्यातल्या पेशी विशिष्ट क्रमाने विद्युतसंकेत सोडू लागतात. पुढची वाट, म्हणजे मज्जारज्जू किंवा स्नायूंच्या नसा, निकामी झाली असली तरी हे संकेत निघतच राहतात. त्या पट्ट्यात इलेक्ट्रोड ठेवले, संकेत टिपले आणि 'हा क्रम म्हणजे उजवीकडे', 'हा क्रम म्हणजे मूठ' असं संगणकाला शिकवलं, की माणूस नुसत्या प्रयत्नाने पडद्यावरचा बाण हलवू शकतो. ब्रेनगेट या चाचणीत २००४ मध्ये पहिल्या रुग्णाला असा संच बसवला होता. इलेक्ट्रोडचा तो चौकोन ४ मिलिमीटर लांबी-रुंदीचा, त्यावर शंभर सुया.

त्यानंतर वेग वाढत गेला. २०२१ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने लकवा झालेल्या माणसाला मनात अक्षरं गिरवायला सांगून मिनिटाला ९० अक्षरं लिहून दाखवली. २०२३ मध्ये बोलण्याच्या प्रयत्नातून मिनिटाला ६२ शब्द निघाले, त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या गटाने ७८ गाठले. माणूस सहज बोलतो तेव्हा वेग मिनिटाला दीडशेच्या आसपास असतो, हे जोडीला लक्षात ठेवा. मला यातला २०२४ चा निष्कर्ष जास्त महत्त्वाचा वाटतो. एएलएस या आजाराने वाचा गेलेल्या एका गृहस्थांना कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत २५६ इलेक्ट्रोड बसवले, आणि सव्वा लाख शब्दांच्या संग्रहातून त्यांचं बोलणं सुमारे ९७ टक्के अचूक उमटू लागलं, तेही महिनोन्‌महिने. वेगापेक्षा हा टिकाऊपणा मोठा. शंभरात पंचवीस शब्द चुकणारं यंत्र प्रयोगासाठी ठीक आहे. घरच्यांशी बोलायचं तर ते कोणी दुसऱ्या दिवशी हातात धरणार नाही.

न्यूरालिंक या कंपनीचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. त्यांनी पहिल्या माणसाला जानेवारी २०२४ मध्ये इम्प्लांट बसवलं. ६४ बारीक धागे, १०२४ इलेक्ट्रोड. काही आठवड्यांत त्यातले बरेच धागे मेंदूतून मागे सरकले आणि कंपनीला संकेत वाचायची पद्धत बदलून वेग परत मिळवावा लागला. मेंदू मऊ असतो, प्रत्येक श्वासागणिक, ठोक्यागणिक हलतो. शरीर हे यंत्रासाठी वाईट घर आहे असं वर म्हटलं, ते इथे पुन्हा आठवा. कवटी न उघडता मानेच्या शिरेतून जाळीसारखा इलेक्ट्रोड मेंदूजवळच्या रक्तवाहिनीत नेऊन ठेवायचा मार्गही आहे. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियात तो माणसात वापरला गेला. त्यात इलेक्ट्रोड फक्त १६, त्यामुळे संकेत ढोबळ मिळतात, पण शस्त्रक्रिया सौम्य. कोणतं बरं, हे गरजेवर ठरेल.

आता 'विचार वाचण्या'कडे परत येऊ. २०२५ मध्ये स्टॅनफर्डच्याच गटाने मनातल्या मनात म्हटलेले शब्द काही प्रमाणात ओळखून दाखवले. त्याच अभ्यासात त्यांनी कुलूपही बसवलं होतं: ठरलेला परवलीचा शब्दप्रयोग मनात म्हटल्याशिवाय यंत्र ऐकायला सुरुवातच करत नाही. म्हणजे प्रश्न अगदीच काल्पनिक राहिलेला नाही. पण हे सगळं त्या व्यक्तीच्या संमतीने, तिच्यावर तासन्‌तास प्रशिक्षण करून होतं. रस्त्याने जाणाऱ्याच्या डोक्यातलं दुरून वाचणारं यंत्र कोणाकडेही नाही.

मज्जारज्जूला इजा झालेला माणूस पुन्हा चालू शकेल का?

काही जण थोडंफार चाललेत, आणि हे 'थोडंफार' नीट समजून घ्यायला हवं. पुष्कळ इजांमध्ये मज्जारज्जू पूर्ण तुटलेला नसतो. काही तंतू शिल्लक असतात, पण त्यांचा संकेत इतका क्षीण असतो की खाली काही पोचत नाही. कण्याच्या आत, मज्जारज्जूवर इलेक्ट्रोड ठेवून योग्य ठिकाणी, योग्य क्षणी चेतना दिली तर खालच्या पेशी जाग्या राहतात आणि तो क्षीण संकेतही कामी येतो. स्वित्झर्लंडमध्ये ग्रेग्वार कुर्टीन आणि न्यूरोसर्जन जोसलिन ब्लॉक यांच्या गटाने २०२३ मध्ये मेंदूतला इलेक्ट्रोड आणि कण्यातला इलेक्ट्रोड संगणकाने जोडला. बारा वर्षांपूर्वी सायकल अपघातात जखमी झालेला एक डच माणूस त्यामुळे स्वतःच्या इच्छेने पाऊल टाकू लागला, उतार चढू लागला. यंत्र बंद असतानाही तो कुबड्यांवर काही पावलं टाकू शकत होता. या सगळ्यात मला सर्वांत विलक्षण तेच वाटतं.

शस्त्रक्रिया न करता, मानेवर त्वचेवरून चेतना देणाऱ्या एका यंत्राला डिसेंबर २०२४ मध्ये एफडीएने परवानगी दिली. ते हातांसाठी आहे. चाचणीत ६० जण होते आणि ७२ टक्क्यांच्या हाताची ताकद आणि काम दोन्ही सुधारले. चिमटीत वस्तू धरता येणं, बटण लावता येणं हे चालण्याच्या व्हिडिओसारखं फिरत नाही, पण हात निकामी झालेल्या माणसाला विचारा, अनेकदा तो आधी हातच मागतो.

कॉक्लिअर इम्प्लांट बसवल्यावर आपल्यासारखं ऐकू येतं का?

वेगळं ऐकू येतं. हे यंत्र आतल्या कानात बसवतात आणि ते ऐकण्याच्या नसेला थेट विद्युतसंकेत देतं. निरोगी कानात आतल्या रांगेत सुमारे साडेतीन हजार केसपेशी असतात, इम्प्लांटमध्ये इलेक्ट्रोड जेमतेम २२ किंवा त्याच्या आसपास. शिवाय कानातल्या द्रवात विद्युतप्रवाह पसरतो, त्यामुळे शेजारचे दोन इलेक्ट्रोड एकमेकांत मिसळतात. पियानोच्या सगळ्या पट्ट्या हाताच्या कोपराने दाबल्यासारखं काहीसं. तरी मेंदू यातून भाषा शिकतो, आणि बाळ लहान असताना इम्प्लांट झालं तर फार चांगली शिकतो. शांत खोलीतलं बोलणं बहुतेकांना कळतं. गोंगाट आणि संगीत अजून अवघड जातं. जगभरात दहा लाखांवर असे इम्प्लांट बसले आहेत, म्हणजे ज्ञानेंद्रियाची जागा घेणारं इतकं यशस्वी दुसरं यंत्र नाही.

नवीन काय, तर ओटोफर्लिन नावाच्या एका जनुकातल्या बिघाडामुळे जन्मतः बहिऱ्या असलेल्या मुलांच्या कानात दुरुस्त जनुक सोडण्याचे प्रयोग. शांघायमधल्या फुडान विद्यापीठाच्या गटाने २०२४ च्या सुरुवातीला सहा मुलांचे निष्कर्ष छापले, त्यातल्या पाच जणांना ऐकू येऊ लागलं. पण हा बिघाड जन्मजात बहिरेपणाच्या थोड्याच रुग्णांत असतो. म्हातारपणी कमी ऐकू येणाऱ्यांना याचा उपयोग नाही.

आणि डोळ्यांचं काय?

ही गोष्ट जरा कडू आहे. आर्गस-२ नावाचं दृष्टिपटलावरचं इम्प्लांट २०१३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ६० इलेक्ट्रोड, चष्म्यावर कॅमेरा. पूर्ण आंधळ्या माणसाला प्रकाशाचे ठिपके, दाराची चौकट, चालत्या माणसाची हालचाल एवढं दिसायचं. जगभरात साडेतीनशेच्या आसपास लोकांनी ते बसवून घेतलं. मग कंपनी आर्थिक अडचणीत आली, तिने ते उत्पादन आणि त्याची देखभाल थांबवली. डोळ्यात यंत्र तसंच, पण सुटा भाग मिळेना, बिघडलं तर विचारायचं कोणाला ते कळेना. २०२२ मध्ये हे जाहीरपणे पुढे आलं, तेव्हा या क्षेत्रातल्या अनेकांना पहिल्यांदाच प्रश्न पडला की इम्प्लांटचं आयुष्य कंपनीच्या आयुष्याहून मोठं असेल तर जबाबदारी कोणाची. त्याचं समाधानकारक उत्तर आजही नाही.

दरम्यान तंत्र पुढे गेलं. प्रिमा हे दृष्टिपटलाखालचं इम्प्लांट २ मिलिमीटर लांबी-रुंदीचं आहे, त्यात ३७८ बारीक सौरपट्ट्या. चष्मा अवरक्त प्रकाशात चित्र पाठवतो, त्याच प्रकाशावर चिप चालते, तार नाहीच. ऑक्टोबर २०२५ मध्ये ३८ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. वयामुळे डोळ्याचा मध्यबिंदू निकामी झालेले हे लोक. चाचणीत वर्षभर टिकलेल्या ३२ पैकी २६ जणांची नजर लक्षणीय सुधारली. चित्र काळंपांढरं, छोटं, आणि वापरायला महिनोन्‌महिने सराव लागतो.

माझं घड्याळ ईसीजी काढतं. त्यावर विश्वास ठेवू का?

एका कामापुरता ठेवा. घड्याळाचा ईसीजी एकाच दिशेने हृदयाकडे पाहतो, हॉस्पिटलमधला बारा दिशांनी. घड्याळ अनियमित ठोके, विशेषतः एट्रियल फिब्रिलेशन, बऱ्यापैकी पकडतं. हृदयविकाराचा झटका मात्र ते ओळखू शकत नाही. छातीत दुखत असताना घड्याळ 'नॉर्मल' म्हणतंय म्हणून घरी बसलेला माणूस ही माझी सगळ्यात मोठी भीती आहे.

अमेरिकेत चार लाख १९ हजार लोकांवर झालेल्या अभ्यासात फक्त ०.५२ टक्के लोकांना अनियमित ठोक्यांची सूचना आली. त्यानंतर छातीवर ईसीजीची पट्टी लावून ती परत पाठवणाऱ्यांपैकी ३४ टक्क्यांत फिब्रिलेशन सापडलं. हे ठोके येतात-जातात, म्हणून बाकीच्यांची सूचना खोटीच होती असंही म्हणता येत नाही.

सुई न टोचता साखर सांगणारं घड्याळ मिळतं का?

नाही. तसा दावा करणाऱ्या घड्याळांपासून आणि अंगठ्यांपासून दूर राहा, असा इशारा एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट दिला. चुकीच्या आकड्यावर इन्शुलिन घेतलं तर जिवावर बेततं.

मग कृत्रिम स्वादुपिंड म्हणजे काय?

तो खराखुरा आहे, फक्त नाव जरा भपकेबाज. त्वचेखालचा सेन्सर दर काही मिनिटांनी साखर मोजतो, प्रोग्राम हिशेब करतो, पंप इन्शुलिन सोडतो. पहिला संच सप्टेंबर २०१६ मध्ये एफडीएने मंजूर केला. झोपेत साखर घसरण्याची भीती यामुळे बरीच कमी झाली, आणि टाइप-१ मधुमेह असलेल्या मुलाच्या आईवडिलांसाठी यापेक्षा मोठी गोष्ट नाही.

अडचण वेळेची आहे. सेन्सर रक्तातली नव्हे, पेशींमधल्या द्रवातली साखर मोजतो, आणि ती रक्ताच्या काही मिनिटं मागे असते. त्वचेखाली दिलेलं इन्शुलिन आणखी सावकाश काम करतं. म्हणून जेवणाआधी 'मी आता इतकं खाणार आहे' हे बहुतेक संचांना अजूनही सांगावं लागतं. या क्षेत्राचा वेग वाढवण्यात रुग्णांचा मोठा हात आहे. कंपन्यांची वाट न पाहता काहींनी स्वतःच पंप आणि सेन्सर जोडणारे प्रोग्राम लिहिले आणि सर्वांना खुले केले.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर चुकतो का?

चुकतो, आणि सगळ्यांच्या बाबतीत सारखा चुकत नाही. जपानी इंजिनिअर ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात शोधलेली ही कल्पना आहे अतिशय देखणी: लाल आणि अवरक्त प्रकाश बोटातून जाऊ द्यायचा, नाडीबरोबर कमीजास्त होणारा भाग तेवढा घ्यायचा, म्हणजे हाड, त्वचा, नखं आपोआप वजा होतात आणि धमनीतलं रक्त उरतं. कागदावर त्वचेचा रंगही वजा व्हायला हवा. प्रत्यक्षात तसं होत नाही. २०२० मध्ये छापलेल्या अमेरिकी अभ्यासात ऑक्सिमीटर ठीकठाक आकडा दाखवत असताना धमनीतला ऑक्सिजन धोकादायक कमी असल्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के आणि गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के निघालं. म्हणजे हे उपकरण दशकानुदशकं वापरात होतं, आणि ते कोणाच्या बोटांवर तपासलं हा प्रश्न मोठ्या आवाजात विचारायला महामारी यावी लागली. जानेवारी २०२५ मध्ये एफडीएने वेगवेगळ्या त्वचेच्या जास्त लोकांवर चाचणी घेण्याच्या नियमांचा मसुदा आणला.

घरी वापरताना बोट गरम ठेवा, नेलपॉलिश काढा, आणि एका आकड्यापेक्षा आकडा खाली चाललाय का ते पाहा. धाप लागली असेल तर आकडा चांगला असला तरी डॉक्टरकडे जा.

एआय डॉक्टरांची जागा घेणार का?

एक्स-रे आणि स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरांचं, म्हणजे रेडिऑलॉजिस्टचं, काम संपणार असं भाकीत गेली कित्येक वर्षं ऐकतोय. ते अजून भरपूर कामात आहेत. एआयचा उपयोग मात्र खरा आहे. स्वीडनमध्ये ८० हजार स्त्रियांच्या मॅमोग्राफीवर, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेवर, चाचणी झाली: एका गटात दोन डॉक्टर वाचणार, दुसऱ्यात एआय आधी वर्गवारी करणार. २०२३ मधल्या निष्कर्षानुसार एआयच्या गटात वाचनाचं काम ४४ टक्क्यांनी कमी झालं आणि कर्करोग हजारी सुमारे ६ सापडले, दुसऱ्या गटात ५.

आता दुसरी बाजू. २०१८ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात एक्स-रेवरून न्युमोनिया ओळखणारा प्रोग्राम तपासला. जिथे शिकला तिथल्या चित्रांवर उत्तम, बाहेरच्या हॉस्पिटलच्या चित्रांवर घसरला. तो फुप्फुसाबरोबर हे चित्र कोणत्या हॉस्पिटलचं आहे हेही ओळखायला शिकला होता, आणि जिथे न्युमोनिया जास्त तिथला एक्स-रे म्हणजे न्युमोनिया असा त्याचा हिशेब. हुशार पण आळशी विद्यार्थी उत्तरपत्रिका तपासणाऱ्याचा स्वभाव ओळखतो, तसं.

थ्रीडी प्रिंटरवर किडनी छापून कधी मिळेल?

लवकर नाही. पेशीला ऑक्सिजन हवा आणि केशवाहिनीपासून तो ०.१ ते ०.२ मिलिमीटरपर्यंतच पोचतो. त्याहून जाड तुकडा छापला तर मधल्या पेशी मरतात. किडनीत सुमारे दहा लाख गाळण्या, प्रत्येकीला स्वतःचा रक्तपुरवठा. आकार छापणं सोपं, ही नळवाहिनी छापणं महाकठीण.

पातळ आणि साध्या गोष्टींत मात्र यश आहे. अँथनी अटाला यांच्या गटाने सात रुग्णांना त्यांच्याच पेशींपासून वाढवलेली मूत्राशयं बसवल्याचं २००६ मध्ये छापून आलं. ती प्रिंटरवर छापलेली नव्हती, साच्यावर वाढवलेली होती. २०२२ मध्ये एका तरुणीला तिच्याच पेशींतून छापलेला बाहेरचा कान बसवला. डिसेंबर २०२४ मध्ये एफडीएने मानवी पेशींनी विणलेली रक्तवाहिनी मंजूर केली. जाळी विणून झाली की पेशी धुऊन काढतात, त्यामुळे ती कोणालाही चालते आणि अपघातात फाटलेल्या धमनीसाठी लगेच वापरता येते. आकर्षक नाही, पण जीव वाचवते.

रोबोट स्वतःच ऑपरेशन करतो का?

हॉस्पिटलमध्ये 'रोबोटिक सर्जरी' म्हणतात तिथे नाही. तिथे सर्जन शेजारच्या कन्सोलवर बसून प्रत्येक हालचाल स्वतः करतो. रोबोट हाताचा थरकाप गाळतो आणि अरुंद जागेत मनगट वळवतो. स्वतः करणारे रोबोट प्रयोगशाळेत आहेत. जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने २०२२ मध्ये जिवंत डुकराचं आतडं रोबोटकडून शिवून घेतलं. २०२५ मध्ये त्यांच्या रोबोटने डुकराच्या काढून ठेवलेल्या अवयवांवर पित्ताशय काढण्यातला मुख्य टप्पा आठ वेळा माणसाच्या हाताशिवाय पार पाडला. काढून ठेवलेल्या अवयवातून रक्त येत नाही, तो श्वासाबरोबर हलत नाही. तेव्हा घाई नको.

पेसमेकर हॅक होऊ शकतो का?

तत्त्वतः हो. २०१७ मध्ये अमेरिकेत सुमारे ४ लाख ६५ हजार पेसमेकरना सुरक्षेसाठी नवं सॉफ्टवेअर घालावं लागलं. ते काढावे लागले नाहीत. दवाखान्यात जाऊन काही मिनिटांत काम झालं. अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांनी आपल्या हृदयातल्या उपकरणाचा वायरलेस भाग बंद करून घेतला होता. सामान्य रुग्णाने मात्र ही काळजी न करता बॅटरीची तपासणी चुकवू नये. तिथला धोका कितीतरी मोठा आहे.

नव्या उपकरणाची बातमी वाचली की आधी काय पाहायचं?

कोणावर तपासलं, किती जणांवर, किती काळ. उंदरावर असेल तर बातमी शास्त्राची आहे, उपचाराची नाही. तुलना कशाशी केली तेही पाहा. 'काहीच न करण्यापेक्षा बरं' आणि 'आत्ताच्या उपचारापेक्षा बरं' यात जमीनअस्मानाचा फरक आहे.

२०११ मध्ये स्टॉकहोममध्ये एका रुग्णाला प्लास्टिकची श्वासनलिका बसवली, वर त्याच्याच मूळपेशी पेरून. जगभर जयजयकार झाला. जनावरांवर पुरेशी तपासणीच झालेली नव्हती. अशी नलिका बसवलेले बहुतेक रुग्ण दगावले आणि २०२३ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने त्या सर्जनला तुरुंगवासाची शिक्षा सुनावली. त्या दिवसांत 'किती काळ' हा प्रश्न विचारला असता तरी उत्तर 'काही आठवडे' एवढंच आलं असतं.

घरात कोणाला इम्प्लांट आहे. आम्ही काय जपून ठेवावं?

इम्प्लांटसोबत मिळालेलं कार्ड. त्यावर कंपनी, मॉडेल नंबर, सीरियल नंबर, बसवल्याची तारीख आणि एमआरआय चालतो की नाही हे असतं. त्याचा फोटो काढून घरातल्या दोघांच्या तरी फोनमध्ये ठेवा. कंपनीने मॉडेल परत बोलावलं तर सीरियल नंबरावरूनच कळतं की ते तुमचंच आहे. कार्ड हरवलं असेल तर जिथे शस्त्रक्रिया झाली तिथल्या नोंदीतून ते परत मिळवा, आजच. नोंदी कायम ठेवल्या जात नाहीत.